नाही म्हणायचंय ना? मग लिहून द्या

बसा खाली सगळे. शाल आणि नारळ त्या टेबलावरच राहू दे, ते नंतर बघू. बाईंनी आम्हाला घडवलं, बाईंचा केवढा धाक होता, अशी चार भाषणं झाली. धाक होता म्हणता ना? अजून शिल्लक आहे का ते आज बघते. मोबाइल खिशात ठेवा. मागच्या रांगेतल्यांनो, तुम्हीसुद्धा. पन्नाशी उलटली तरी तुमची मागची रांग काही सुटत नाही.

तुमच्या बॅचच्या ग्रुपवर तुम्ही मलाही घेतलंत. मी तिथे काही लिहीत नाही, पण वाचते सगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडची ती चित्रफीत फिरत होती, आठवते? एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा हवी होती आणि या सोसायटीत महाराष्ट्रीयांना जागा देत नाही असं तिला तोंडावर सांगितलं गेलं. प्रकरण पोलिसांत गेलं, गुन्हा दाखल झाला. आपल्या ग्रुपवर काय वणवा पेटला होता तेव्हा! मुंबई आमची आणि आम्हीच उपरे, हुतात्मे कशासाठी झाले, मराठी माणसा जागा हो. मग पार्ल्याची बातमी आली. तिथल्या ‘पार्ले पंचम’ संस्थेने मागणी केली की नव्या इमारतींतली निम्मी घरं वर्षभर मराठी माणसांसाठी राखून ठेवा. त्यावर तुम्ही अंगठ्यांची रांग लावलीत. राग आला, ठीक झालं. मलाही आला होता. त्या मुलुंडकरांना जे बोलायचं ते बोलून झालंय. आता तुमच्याकडे वळते.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी., सेट झालेली, इथे रत्नागिरीत कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलेली. मंडणगड तालुक्यातली. रोजचं येणं-जाणं शक्य नाही, म्हणून खोली हवी. मी म्हटलं, माझ्यासमोरच लाव फोन. तिने एजंटला फोन लावला, स्पीकरवर. मारुती मंदिराजवळ वन रूम किचन आहे का? आहे, आहे. दुसरा मजला, पाण्याचा त्रास नाही, कधी येताय बघायला? नाव? तिने नाव सांगितलं. आडनाव असं, की ते मराठ्यांतही आहे आणि बौद्धांतही. गाव? मंडणगडकडचं. मग तो मध्ये खोकला आणि म्हणाला, ‘‘गावात वाडी कुठली तुमची?’’

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मग तिने वाडी सांगितली. मालकांशी बोलून कळवतो म्हणाला, आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला: सॉरी मॅडम, रूम गेली.

तिचा चहा संपायच्या आत मी माझ्या फोनवरून त्यालाच लावला. भाचीसाठी खोली हवी म्हटलं. तर काय तो उत्साह! ‘‘बाई, तुम्हाला नाही कसं म्हणीन? मारुती मंदिराला एक मस्त आहे, दुसरा मजला.’’

तो एजंट याच हॉलमध्ये बसलाय. खाली बघू नकोस, वर बघ. दहा मिनिटांत गेलेली खोली अर्ध्या तासात परत कशी आली, ते मला सांग. नाही सांगता येत? बस मग.

मी काही नवीन शोध लावला नाही. प्राध्यापक सुखदेव थोरात, आपल्या विदर्भातले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हाच प्रयोग पद्धतशीर केला होता. भाड्याच्या जाहिराती घ्यायच्या, एकाच तऱ्हेच्या नोकरी-पगाराची माणसं उभी करायची, फक्त नाव बदलायचं. उच्चवर्णीय नावाला दार उघडं, दलित नावाला कुठे बंद तर कुठे अटी वाढलेल्या, मुसलमान नावाला सगळ्यात जास्त बंद. अमेरिकेत तर सरकार आणि संस्था अशी जोडीची माणसं मुद्दाम पाठवतात आणि तो पुरावा कोर्टात चालतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल १९६८ ला खून झाला आणि ११ तारखेला तिथला घरांविषयीचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने पक्का झाला. तुझा मुलगा न्यू जर्सीत आहे ना रे? त्याच्या कातडीकडे बघून कोणाला घर नाकारता येत नाही, ते त्या कायद्यामुळे. नाकारतात तरी काही, पण मग वकील लागतो आणि दंड होतो. त्याने तिथे घर घेतलं तेव्हा पेढे वाटलेस. आणि नाचणे भागातल्या तुझ्या रिकाम्या फ्लॅटसाठी इथे वाडी विचारतोस?

२०२० च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने ठरवलं, की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा असल्या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर. चांगलं झालं. पण तुम्ही कोकणातली हुशार माणसं. पाटी बदलली तर पुढचा प्रश्न तुमच्याकडे तयार. वाडी सांगितली नाही तर ग्रामदैवत कोणतं? मुंबईला कुठे राहता? जेवणात काय काय चालतं? शाळेत तोंडी परीक्षेला दोन वाक्यं सुचायची नाहीत तुम्हाला, आणि आता ही उलटतपासणी बघा.

आता सगळ्यांची एकच सबब. बाई, आमचं काही नाही हो, बाकीचे सभासद ऐकत नाहीत. मालकाचं काही नसतं, त्याच्या आईचं असतं. आईचं नसतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं असतं. काकूंचं काही नसतं, सोसायटीचं असतं. आणि सोसायटीत विचारलं तर चेअरमन म्हणतो, मालकाची मर्जी. ही सबब जुनीच आहे. मंडणगड तालुक्यातलंच आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव, ते तरी माहीत आहे ना? त्यांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं छोटं आत्मकथन आहे. पाठ्यपुस्तकात नव्हतं, म्हणून वाचलं नसणार. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा माणूस बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीवर गेला. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला: संध्याकाळपर्यंत बाहेर. मग त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. नाही कोणीच म्हणालं नाही बरं का. पहिला म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. पाच तास ते तिथल्या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. तुमच्या ‘बाकीचे ऐकत नाहीत’मध्ये आणि त्या नोकरांमध्ये काय फरक आहे, कोणी सांगेल? हात वर करा. एकही नाही.

आपल्या जिल्ह्यातलं आणखी एक सांगते. दापोली तालुक्यातलं मुरुड. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. मुरुडकरांनी सभा भरवली आणि बहिष्कार घातला. वाईटच केलं. पण मुरुडकरांविषयी एक म्हणता येईल: त्यांनी ते चारचौघांत केलं. सभा झाली, निर्णय झाला, कोणी काय ठरवलं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कर्व्यांनीही ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं आणि आज आपण मुरुडकरांना नावं ठेवू शकतो. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा गाव फुशारकी मारायला मोकळं. तुमचं मात्र उद्या कोणाला काही लिहिता येणार नाही. तुम्ही काही मागेच ठेवत नाही! तोंडाने विचारता, तोंडाने टाळता, आणि वर सॉरी मॅडम म्हणता.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि कान उघडे ठेवून ऐका. नाकारायचंय ना? लिहून द्या. ‘आपण बौद्ध असल्यामुळे’, ‘आपण मुसलमान असल्यामुळे’, ‘आपण एकटी बाई असल्यामुळे खोली देता येत नाही’. खाली सही, तारीख, फ्लॅट नंबर. हात थरथरतो ना नुसत्या कल्पनेने? का थरथरतो? आपलं वागणं रीतीचं आहे असं खरंच वाटत असतं, तर लेटरहेडवर छापून दिलं असतंत.

वकीलसाहेब, तुम्ही मघापासून मान हलवताय. तुम्हाला म्हणायचंय, खासगी मालमत्ता आहे, कायद्यात कुठे बंदी आहे? अर्धं बरोबर. नागरिकशास्त्र वीस मार्कांचं म्हणून ऑप्शनला टाकायची सवय, त्यामुळे उरलेलं अर्धं राहून गेलं. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावं आहेत. भाड्याच्या खोलीचं नाही. गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम चालू दिला. हे खरं, आणि माझ्या मते तो निकाल दुर्दैवी आहे. पण अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अडवणं १९५५ पासून गुन्हा आहे. तेव्हा तो अस्पृश्यता अपराध कायदा होता, आता त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. शिक्षा कैदेची आहे. ‘वाडी कुठली’ हे वाक्य त्या कायद्याच्या किती जवळ जातं, ते तुम्हीच घरी जाऊन बघा. फी न घेता बघा.

आणि गंमत ऐका. एचआयव्ही झालेल्या माणसाला त्या कारणाने घर भाड्याने नाकारू नये असं २०१७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तृतीयपंथी माणसाला नाकारू नये असं २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे संसदेला हे वाक्य लिहिता येतं. दोनदा लिहिलंय. फक्त धर्माच्या बाबतीत देशभर सगळ्या घरमालकांना लागू होईल असं ते अजून लिहिलेलं नाही. त्या न लिहिलेल्या ओळीत तुम्ही तुमचे फ्लॅट बांधलेत.

आता सेक्रेटरी. उभा राहा. तुझ्या सोसायटीत ठराव आहे म्हणे, की भाडेकरू ठेवण्याआधी कमिटीची मुलाखत आणि परवानगी. कुठल्या कायद्याने? सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती दिल्याचा कागद द्यायचा. आधी परवानगी मागावी लागत नाही. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. २००१ पासून तसा सरकारी आदेश आहे. तुम्ही किती घेता? नको सांगूस, मला माहीत आहे. आणि फ्लॅट विकत घेणाऱ्याला सभासदत्व नाकारायचं असेल, तर सहकार कायदा म्हणतो की कारण लेखी कळवा. तीन महिने नुसते गप्प बसलात तर तो सभासद झाला असं धरलं जातं. निबंधकाकडे अपील करता येतं. बघ, कायद्यानेही हेच मागितलंय: लिहून द्या. म्हणूनच तुम्ही अर्ज ‘विचाराधीन’ ठेवता आणि माणूस कंटाळून जाईल याची वाट बघता.

आणखी एक सबब, मच्छीचा वास. हे ऐकून तर मला हसूच फुटलं होतं. रत्नागिरीत! मिरकरवाड्याला बोटी लागल्या की अर्ध्या शहराचं पोट चालतं, पावसाळ्याआधी तुमच्या घरात सुके बांगडे आणि सोडे भरले जातात, आणि शिवाजीनगरच्या इमारतीत भाडेकरूला सांगता की मच्छी चालणार नाही. त्यातही सगळ्यांना नाही. आडनाव बघून सांगता. ज्यांनी खाल्लेलं तुम्हाला चालतं त्यांच्या सुरमईला वास नसतो, राजिवड्याहून आलेल्याच्या सुरमईला असतो. डॉक्टर झालेल्या एका मुसलमान मुलाला तुमच्यातल्याच एकाने काय सांगितलं? ‘त्यांच्यात त्यांची आहेत ना घरं.’ मुलगा सिव्हिलला ड्युटी करतो. रात्री दोन वाजता तुमच्या छातीत कळ आली तर त्याला मोहल्ल्यातून बोलावायचं, तो यावा म्हणून दार उघडं ठेवायचं, आणि किल्ली मात्र द्यायची नाही.

आंबेवाल्यांनो, हसू नका, तुमचंही आहे. लाखालाखांची हापूसची बाग मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत नेपाळी राखणदाराच्या भरवशावर टाकता. फांदीन् फांदी त्याला माहीत. त्याची बायको-पोरं आली की त्यांना गावात खोली मिळत नाही; बागेतल्या पत्र्याच्या खोपटीत साप-विंचवात राहायचं. पोरगी शाळेत घालायची म्हटली तर पत्ता कुठला द्यायचा?

पाहुणे आले की त्यांना पतितपावन मंदिर दाखवायला घेऊन जाता. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी पदरच्या पैशाने बांधलं, सावरकर इथे स्थानबद्ध असताना, सगळ्या जातींच्या हिंदूंना उघडं. छान सांगता तुम्ही ते, मी ऐकलंय. तारीखसुद्धा बरोबर सांगता. एवढी वर्षं झाली, गाभाऱ्यापर्यंत गेलेला माणूस अजून तुमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही. मुसलमानाचा तर त्या गोष्टीतही उल्लेख नव्हता, तो तुमच्या हिशेबातच नाही.

गावकीने वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ मध्ये कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. त्या कायद्याची बातमी आली तेव्हा तुमच्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं होतं, खेड्यातली माणसं अजून सुधारली नाहीत. बरं मग. खेड्यात निदान होळीच्या मांडावर भांडण होतं. तुमच्याकडे कमिटीची मिटिंग होते आणि इतिवृत्तात ‘इतर विषय’ एवढंच लिहिलं जातं.

भीती कसली आहे ते मला कळतं. भाडं बुडेल, खोली सोडणार नाही, भानगड होईल. त्यावर उपाय आहेत आणि ते सगळ्यांना सारखे लावता येतात. अकरा महिन्यांचा करार करा, तो नोंदवा, महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारकच आहे. अनामत घ्या, पगाराची स्लिप बघा, आधीच्या मालकाला फोन करा, पोलिसांना माहिती द्या. हे सगळं तुझ्या मेव्हण्यालाही लाव आणि त्या मुलीलाही लाव. मेव्हण्याने तुझं आठ महिन्यांचं भाडं बुडवलं तेव्हा त्याची वाडी विचारली होतीस का?

तुम्हीच सांगता ना, आजोबा गिरणीत होते, गिरगावात गाववाल्यांच्या खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी उठली की दुसरी त्याच वळकटीवर. या जिल्ह्यातली निम्मी घरं त्या वळकट्यांच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. त्यांना तिथे कोणी खोली दिली होती म्हणून तुम्ही आज चिऱ्याचा गडगा घालून त्यावर ‘प्रवेश बंद’ लिहू शकता.

पुरे. कामाचं बोलते. एजंट, उद्या सकाळी दहाला माझ्याकडे यायचं, त्या मुलीला घेऊन मारुती मंदिराची खोली दाखवायची, मी बरोबर आहे. मालकाला नाही म्हणायचं असेल तर कागद-पेन मी आणते, त्याने माझ्यासमोर कारण लिहावं. वकीलसाहेब, तोंडी नकार मिळालेल्या माणसाने कोणत्या कार्यालयात, कोणाकडे, कोणता अर्ज द्यायचा, ते एका पानात सोप्या मराठीत लिहून द्यायचं. शुद्धलेखन मी तपासणार. ते पान या ग्रुपवर पडेल, आणि सुविचारांच्या फुलांखाली गाडलं जाणार नाही याची जबाबदारी अॅडमिनची.

आणि सेक्रेटरी, तू अजून उभाच आहेस, बरं झालं. तो मुलाखतीचा ठराव रद्द करण्यासाठी विशेष सभा बोलाव. वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला पाच पूर्ण दिवस पुरतात. आज रविवार. उद्या नोटीस फलकावर लाव, विषय स्पष्ट लिही, ‘इतर विषय’ नाही. पुढच्या रविवारी सकाळी सभा. ठरावाच्या विरुद्ध कोण, बाजूने कोण, ते नावानिशी लिहायचं, आणि इतिवृत्ताची प्रत मला. आता बस.